कव्हर कसल्या प्लास्टिकचं आहे, एवढं तरी छापा!

तिसरं कव्हर आज कचऱ्यात गेलं. तिसरं! डोकं इतकं तापलंय की हे लिहून मोकळी झाल्याशिवाय झोप लागणार नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. नंबर प्लेटवर बसवायचं पारदर्शक कव्हर. मधला भाग काचेसारखा स्वच्छ आणि चहूबाजूंनी बोटभर रुंद पट्टी. ती पट्टी गाडीच्या रंगात रंगवायची आणि मधला भाग होता तसा ठेवायचा, म्हणजे प्लेट बंपरमध्येच बसवल्यासारखी दिसते. गाडी गडद लाल, मेटॅलिक. बस्स, एवढंच. बॉनेट रंगवायला घेतलं नव्हतं मी.

ज्याला विचारावं तो एकच म्हणतो, "त्यात काय, स्प्रे कॅन आण आणि मार." त्यात काय! या दोन शब्दांनी माझे तीन रविवार खाल्लेत.

पहिल्या कव्हरच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलं होतं, "रंगवता येते". कॅनवर छापलं होतं, "प्लास्टिकसाठी योग्य". दोघंही छातीठोकपणे सांगतायत म्हटल्यावर मी विश्वास ठेवला. पुसलं, टेप लावली, पातळ पातळ तीन हात मारले, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबले. दिसायला झकास झालं होतं. पहिल्यांदा गाडी धुतली आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून नखाएवढा पोपडा फडक्याबरोबर निघून आला. त्याच्या कडेला बोट लावलं तर सापाची कात निघावी तशी अख्खी पट्टी सुटली. खाली प्लास्टिक नवंकोरं, चकचकीत. रंगाने त्याला धरलंच नव्हतं. धरणार कशाला? एवढ्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाला पाय रोवायला जागा नसते. आधी सहाशे-आठशे नंबरच्या वॉटर पेपरने घासून चकाकी मारावी लागते, मग प्लास्टिकचा प्रायमर, मग रंग. यातलं एक अक्षर पाकिटावर नाही. "रंगवता येते" म्हणे!

ठीक आहे, ही तयारी दुसऱ्या वेळी केली. आणि खरा संताप तिथेच सुरू झाला.

घासून झाल्यावर धूळ आणि तेलकटपणा काढायला हवा. त्यासाठी सगळे डोळे झाकून थिनर सांगतात. मी फडक्याला थोडं थिनर लावलं आणि पट्टीवरून एकदा फिरवलं. फक्त एकदा. फडकं जिथून गेलं तिथे प्लास्टिक माझ्या डोळ्यांदेखत दुधाळ होत गेलं, श्वास सोडल्यावर आरशावर वाफ धरावी तसं. वाटलं, उडेल. नाही उडालं. मग दिव्याखाली धरलं तर दोन्ही स्क्रूच्या भोकांभोवती केसासारखे तडे, किरणांसारखे बाहेर पळालेले. मी बघत असताना त्यातला एक आणखी मिलिमीटरभर पुढे सरकला. हातातली वस्तू अशी मरताना बघणं फार वाईट असतं.

असं का होतं, हे नंतर शोधून काढलं. पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आपटलं तरी फुटत नाही, वाकवलं तरी तुटत नाही, पण ॲसिटोन किंवा कडक थिनर लागलं की त्याचा जीव जातो. पारदर्शकपणा जाऊन पांढरं पडतं. साच्यातून काढताना, भोक पाडताना, स्क्रू आवळताना त्याच्या अंगात ताण अडकून बसलेला असतो. एरवी तो गप्प बसतो, पण द्रावक आत शिरलं की जिथे ताण जास्त तिथून तडे सुटतात. म्हणून भोकांभोवती. ॲक्रिलिक वेगळं. ते वाकत नाही, कडकन मोडतं, आणि ॲसिटोनने विरघळतं. पॉलिस्टायरीन तर त्याहून नाजूक, साध्या स्प्रेच्या द्रावकातही त्याची चिकट लापशी होऊ शकते. पॉलिप्रॉपिलीनला थिनरचं फारसं काही वाटत नाही, पण त्यावर खास प्रायमरशिवाय रंगच टिकत नाही. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सगळी दिसायला सारखी, पारदर्शक किंवा जवळपास पारदर्शक.

म्हणजे अख्ख्या कामाचा सगळ्यात पहिला प्रश्न काय? हे प्लास्टिक कोणतं आहे! ते कळल्याशिवाय कशाने पुसायचं ते ठरत नाही, प्रायमर ठरत नाही, रंग ठरत नाही. आणि नेमकं तेच कुठे लिहिलेलं नाही. पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. कव्हरच्या मागे भिंग लावून बघितलं. पुनर्वापरासाठी त्रिकोणात आकडा छापतात ना, पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, सहा म्हणजे पॉलिस्टायरीन, सात म्हणजे बाकी सगळं, तोही नाही. पाकिटावर "उच्च दर्जाचे", "मजबूत", "स्टायलिश" लिहायला जागा आहे. पॉलिकार्बोनेटची "पीसी" ही दोन अक्षरं छापायला जागा नाही. साच्यात एकदा कोरली असती तर लाखो कव्हरांवर आपोआप उमटली असती. ज्याने ते ओतलं त्याला माहीत आहे, ज्याने दाणे विकले त्याला माहीत आहे, फक्त ज्याने पैसे मोजले तिला माहीत नाही. हा निष्काळजीपणा नाही तर काय आहे? आणि वर "रंगवता येते" छापायची हिंमत!

तिसऱ्या वेळी मी जिद्दीला पेटले. दुधाळ झालं होतं, वाकवलं तरी मोडत नव्हतं, म्हणजे पॉलिकार्बोनेट असणार असं धरून चालले. त्यासाठी रेडिओ कंट्रोलच्या खेळण्यातल्या गाड्या रंगवणाऱ्यांची पद्धत उचलली. त्यांची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचीच असते आणि ते लोक ती आतून रंगवतात. बाहेरचं प्लास्टिक स्वतःच क्लिअर कोटचं, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक संरक्षक थराचं, काम करतं, पाणी-दगड लागले तरी रंगाला काही होत नाही. पद्धत खरोखर हुशारीची आहे. फक्त क्रम उलटा लक्षात ठेवायचा. जो हात पहिला, तोच बाहेरून दिसतो, आणि मागून गडद किंवा चंदेरी आधार दिला नाही तर मेटॅलिक रंगातून आरपार दिसतं.

पण इथेही पेच आहेच. पॉलिकार्बोनेटला सोसणारे रंग मिळतात, पण ते गाडीच्या कोडमध्ये, म्हणजे कंपनीने त्या रंगाला दिलेल्या क्रमांकानुसार, मिळत नाहीत. गाडीच्या कोडमध्ये बनवून मिळणारा रंग पॉलिकार्बोनेटला सोसेलच असं नाही. अरे, मग करायचं काय माणसाने? मी गाडीच्या कोडचा रंग घेतला आणि तो अगदी धुक्यासारखा, कोरडा कोरडा मारत गेले, द्रावक साचू नये म्हणून. मधल्या भागावरची संरक्षक फिल्म तशीच ठेवली आणि पट्टीच्या कडेने ब्लेडने अलगद कापली. कोपऱ्याच्या गोलाईत साधी कागदी टेप कधीच नीट बसत नाही, खालून रंग झिरपतो, म्हणून हा उपाय. हात हलका ठेवला होता. तरी ब्लेडची पुसटशी रेघ प्लास्टिकवर उठली असणार, कारण सकाळी फिल्म काढली तेव्हा बरोबर त्याच रेषेवर, कोपऱ्यात, तडा.

आणि रंग? तो तर जुळलाच नाही. कोड दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून उतरवला होता, अक्षर न् अक्षर तपासून. तरी बंपरशेजारी धरलं की कव्हर फिकट, गुलाबीकडे झुकलेलं. "कोड सांगा, हुबेहूब रंग मिळवा" ही जाहिरात करणाऱ्यांचा मला प्रचंड राग येतो. एका कोडच्या अनेक छटा असतात, हे रंगाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तर चांगला पेंटर आधी कार्डावर रंग मारून गाडीला लावून बघतो आणि मगच गाडीला हात घालतो. त्यात मेटॅलिक म्हटलं की रंग डब्यात अर्धाच असतो, उरलेला अर्धा मारणाऱ्याच्या हातात. ओला, जाड हात मारला तर ॲल्युमिनियमचे कण आत बसतात आणि समोरून रंग गडद दिसतो. कोरडा मारला तर कण वर राहतात, रंग उजळ दिसतो. म्हणजे प्लास्टिक वाचवायला कोरडा मारावा तर छटा जाते, छटा साधायला ओला मारावा तर प्लास्टिक जातं! शिवाय मागून मारल्यावर कणांची बैठकच वेगळी, वर जाड प्लास्टिकचा थर वेगळा. गाडीही काही कारखान्यातून निघाली त्या दिवसाच्या रंगाची राहिलेली नसते, उन्हाने तिचा रंग सरकलेला असतो. हे सगळं "हुबेहूब"मध्ये कुठे बसतं?

आता कोणी म्हणेल, वरून टू-के क्लिअर मार, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा पारदर्शक थर. तो कॅन एकदा खालची पिन दाबून चालू केला की एक-दोन दिवसांत संपवावा लागतो, बोटभर पट्टीसाठी बाकीचा कचऱ्यात. त्यात आयसोसायनेट असतं, फुप्फुसांचं वाटोळं करणारं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. हा इशारा तरी कॅनवर असतो, अगदी बारीक अक्षरांत. मारा म्हणून सांगणारे मात्र त्याचा उच्चारही करत नाहीत. कशाला सांगतील, श्वास त्यांचा नाही ना जाणार.

आणखी एक. कित्येक ठिकाणी नंबर प्लेटवर कसलंही कव्हर चालत नाही, अगदी पारदर्शकसुद्धा. कारण अनेक कॅमेरे इन्फ्रारेडवर प्लेट वाचतात आणि समोरची चकाकी किंवा पिवळं पडलेलं प्लास्टिक आडवं येतं. तुमच्याकडचा नियम आधी बघा. कव्हर विकणारा तो पाकिटावर छापणार नाही, हे मी लिहून देते.

मी बनवणाऱ्या कंपनीला ईमेल केला होता. दोन ओळींचा, साधा प्रश्न: हे कव्हर नेमकं कोणत्या प्लास्टिकचं आहे? अकरा दिवसांनी उत्तर आलं. "आमचे उत्पादन उच्च दर्जाच्या प्लास्टिकपासून बनवलेले आहे." मी परत लिहिलं, दर्जा विचारलेला नाही, नाव विचारलंय. त्याला अजून उत्तर नाही.

चौथं कव्हर आणून ठेवलंय. दोन्ही बाजूंची फिल्म तशीच आहे. नाव कळेपर्यंत त्याला ना पेपर लावणार, ना थिनर. उद्या सकाळी तिसरा ईमेल जाईल, आणि या वेळी सोबत त्या तड्यांचे फोटो असतील.