संस्कृतचे दहा गुण आणि ‘हिंदीच्या बाई’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक सजग पालक’ यांस,
सप्रेम नमस्कार.

‘आठवीत संस्कृत कुणी घ्यावे?’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: संपूर्ण (म्हणजे शंभर गुणांच्या) संस्कृतला सर्वसाधारण मुलालाही पंचाण्णवच्या पुढे गुण पडतात आणि हिंदीला तेच मूल पंच्याऐंशीवर अडकते, अकरावीच्या गुणवत्ता यादीत हे दहा गुण निर्णायक असतात, त्यामुळे ‘केवळ गुणांसाठी संस्कृत घेऊ नका’ हा माझा सल्ला दिशाभूल करणारा आहे, मी संस्कृतद्वेष्टी आणि हिंदीसक्तीची छुपी समर्थक आहे, ग्रामीण शाळांत निवडीला वावच नसतो, त्यामुळे माझा लेख शहरी चोचल्यांचा आहे, व्यवसाय शिक्षणाचे विषय आणि चित्रकलेचे वाढीव गुण मी विचारातच घेतलेले नाहीत, आणि शेवटी, ‘आयुष्यभर हिंदी शिकवून पगार घेतलेल्या बाईंकडून दुसरी काय अपेक्षा करणार?’ लेख मागे घेण्याची सूचनाही आपण केली आहे.

मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण आपल्या प्रतिक्रियेचा खरा रोख तिथे आहे. बाकीचे सारे त्या वाक्यापर्यंत पोहोचण्याची वाट आहे.

शाळेत हिंदीच्या तुकड्या घटल्या की हिंदीच्या शिक्षकाचा कार्यभार घटतो, संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या पदांच्या हिशेबात, पद कमी होते आणि एखादा ‘अतिरिक्त’ ठरतो, हे खरे आहे. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला ही भीती काय असते हे मी आपल्यापेक्षा जवळून पाहिले आहे. परंतु मी आता निवृत्त आहे. कोणत्या तुकडीत किती मुले बसतात यावर माझे निवृत्तिवेतन ठरत नाही. मग लेख लिहून मी नेमके काय मिळवले, हे आपण सांगितले असते तर आरोपाला निदान आकार आला असता. एखाद्याचे म्हणणे खोडण्याऐवजी त्याच्या भाकरीकडे बोट दाखवणे ही चर्चा नव्हे, आणि तेही टोपणनावाआडून करणे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

आपल्याला ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट आता सांगावी लागते आहे. मी स्वतः शाळेत संपूर्ण संस्कृत घेतले होते. माझे शालेय शिक्षण वाईला झाले. ज्या गावात प्राज्ञपाठशाळा आहे आणि जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे वास्तव्य होते, तिथे संस्कृत हा परीक्षेचा विषय होण्याच्या आधीपासून कानावर पडत असे. शब्दरूपे मी घोकली, समासांचे विग्रह केले, सुभाषिते पाठ केली, आणि त्या विषयात वर्गात माझा पहिला क्रमांक कधी कुणी घेतला नाही. हे आत्मप्रौढी म्हणून लिहीत नाही. पण ‘ज्यांना संस्कृत झेपले नाही ते त्याला नावे ठेवतात’ असे जे आपण सुचवले आहे, त्याला याखेरीज दुसरे उत्तर नाही. हिंदीकडे मी वळले ती महाविद्यालयात गेल्यावर आणि स्वतःच्या आवडीने. दोन्ही विषय आतून पाहिलेल्या माणसाला त्यांची तुलना करण्याचा अधिकार नसेल, तर तो कुणाला आहे? तो केवळ गुणपत्रिका पाहिलेल्यांना आहे काय?

राहता राहिला पगाराचा उल्लेख. तो मी ज्या तुकडीसाठी घेतला, ती ‘हिंदीची तुकडी’ म्हणजे काय हे आपल्याला माहीत नसावे. सातवीची वार्षिक परीक्षा संपली की शाळा एक अर्ज घरी पाठवते. त्यावर संपूर्ण संस्कृत, संयुक्त (अर्धे हिंदी, अर्धे संस्कृत) आणि संपूर्ण हिंदी असे तीन चौकोन आणि खाली पालकांची सही. कागदावर ही निवड दिसते. मी शिकवत होते त्या शाळेत मात्र सातवीच्या निकालात वर असलेल्यांनाच संपूर्ण संस्कृत मिळे, त्यांची तुकडी ‘अ’ होई, आणि उरलेली मुले माझ्यासमोर येऊन बसत. जून महिन्यात पहिल्याच तासाला एका मुलाने मला विचारले होते, “बाई, आम्ही ढ म्हणून हिंदी का?” त्याच्या वहीत ‘मैं किताब पढ़ी’ असे वाक्य होते. मराठीत आपण ‘मी वाचले’ म्हणतो, ‘मीने’ म्हणत नाही. म्हणून मराठी मूल हिंदीतला ‘ने’ गाळते. ती चूक तर्कशुद्ध होती, आणि ती का झाली हे कळताच तो मुलगा ज्या रीतीने सरळ बसला, ते मला अजून आठवते. पगार घेतला तो या कामाचा.

आता आपल्या आकड्यांकडे वळते. ‘तेच मूल’ संस्कृतला पंचाण्णव आणि हिंदीला पंच्याऐंशी मिळवते, असे आपण लिहिता. मूल दोन्ही विषयांची परीक्षा देत नाही, मग ‘तेच मूल’ आपल्याला कुठे भेटले? वर सांगितलेल्या माझ्या शाळेसारख्या शाळांत आधीच पुढे असलेली मुले संस्कृतकडे जातात आणि त्यांचे गुण संस्कृतच्या नावे जमा होतात. त्यात प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही भर घालते. संस्कृतच्या प्रश्नपत्रिकेत रूपे, समास, पाठांतराचे श्लोक असे बरेच काही असते जिथे उत्तर बरोबर तरी असते किंवा चूक तरी; आणि ‘माध्यमभाषया’ असे म्हटले की उत्तर चक्क मराठीत किंवा इंग्रजीत लिहिता येते. हिंदीच्या निबंधाला आणि पत्राला तपासनीस हात आखडून गुण देतात. तेव्हा फरक पडतो हे मी नाकारत नाही, मूळ लेखातही नाकारलेले नाही. लेख पूर्ण वाचला असता तर ते दिसले असते. मंडळाने पद्धत बदलली की गुण बदलतात. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे वीस अंतर्गत गुण काढले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात राज्यातली मुले भाषा विसरली आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा शिकली, असे आपल्यालाही म्हणायचे नसेल.

शिवाय त्या दहा गुणांचा हिशेबही आपण नीट मांडलेला नाही. अकरावी प्रवेशाच्या ज्या वादळी वर्षांत २००८ चे पर्सेंटाइल (वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका मापात आणण्याचे सूत्र) आणि २००९ चे ९०:१० (नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना) न्यायालयात टिकले नाही, त्यांच्या पाठोपाठ २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले आणि राहिले. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय टक्केवारीसाठी धरले जातात. समजा, एका मुलीला मराठीत ८८, इंग्रजीत ९०, गणितात ९५, विज्ञानात ९४ आणि समाजशास्त्रात ९२ गुण आहेत. तिने हिंदी घेऊन ८६ मिळवले तर हिंदी गळते आणि बेरीज ४५९, म्हणजे ९१.८ टक्के होते. संस्कृत घेऊन ९६ मिळवले तर बेरीज ४६७, म्हणजे ९३.४ टक्के. विषयात दहा गुणांचे अंतर असूनही हाती लागले आठ. आणि या दुसऱ्या बेरजेतून बाहेर काय पडले, तेही पाहा. मराठी. तिन्ही वर्षे ‘आमोदः’ हे संस्कृतचे पाठ्यपुस्तक पाठ करून आपण जे कमावले, त्यात मातृभाषेचे गुण मोजायची गरजच उरली नाही, याचे सजग पालकांना काहीच वाटू नये?

हे आठ गुणही लहान नाहीत, एवढे मी मोकळेपणाने मान्य करते. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या नामांकित महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेच्या यादीत अर्ध्या टक्क्याने पसंतीक्रम घसरतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. त्या एका वाक्यापुरते आपण आणि मी एकाच बाजूला आहोत. पण त्यापुढचे आपण पाहतच नाही. तोच विद्यार्थी अकरावीत गेला की संस्कृत सोडतो आणि दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेतो. कारण विचारले तर पुन्हा गुणच. तीन वर्षे ज्या भाषेशी त्याची गाठ घातली, तिच्यातले एक साधे अपरिचित वाक्य त्याला लावता येत नाही. मुलाने संस्कृत घेऊ नये असे मी कुठेही लिहिलेले नाही. त्याला ते हवे आहे का, हे अर्जाच्या चौकोनात खूण करण्याआधी विचारावे, इतकेच लिहिले होते.

म्हणूनच ‘संस्कृतद्वेष्टी’ हा शब्द मला लागला. संस्कृत नाकारले जाणे म्हणजे काय, याचे या राज्यातले सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते, ते शिकवण्यास नकार मिळाला आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत साध्य केले. ज्याला हवे त्याला दार बंद, आणि ज्याला नको त्याला गुणांसाठी आत ढकलायचे, यातल्या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. आपण मला संस्कृतातल्या सर्वोच्च गुणांसाठी मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीची परंपरा ‘माहीत तरी आहे का’ असे विचारले आहे. माहीत आहे. १९१२ च्या मॅट्रिकला चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली हेही माहीत आहे. तिचे नाव घेऊन आपण ज्या गोष्टीचे समर्थन करता आहात, तिच्याशी त्या परंपरेचा काही संबंध आहे असे मात्र मला वाटत नाही.

हिंदीसक्तीबद्दल एकच वाक्य पुरे: एप्रिल २०२५ चा पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय जूनअखेरीस मागे घेतला गेला तेव्हा मला आनंदच झाला होता. सहा वर्षांच्या मुलावर लादलेली भाषा आणि तेरा वर्षांच्या मुलाने निवडलेली भाषा यांत फरक असतो.

आपले उरलेले मुद्दे, म्हणजे ग्रामीण शाळांत संस्कृतचा शिक्षकच नसणे, नववीपासूनचे व्यवसाय शिक्षणाचे विषय, रेखाकलेच्या ग्रेड परीक्षा, हे वेगळ्या लेखाचे विषय आहेत. माझा लेख ज्या पालकांपुढे तो अर्ज येतो त्यांच्यासाठी होता. ज्यांच्यापुढे तो येतच नाही त्यांची अडचण मोठी असेल. पण ती मी निर्माण केलेली नाही, आणि ती पुढे करून माझा मूळ मुद्दा टाळण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

लेख मागे घेण्याची सूचना मी स्वीकारत नाही. आपली प्रतिक्रियाही काढणार नाही. ती शेवटच्या वाक्यासह जशीच्या तशी राहील. यापुढे लिहावेसे वाटल्यास स्वतःच्या नावाने लिहावे, आणि शक्य झाल्यास आपल्या मुलाने कोणत्या चौकोनात खूण केली असती तेही कळवावे. त्याला विचारून.

आपली,
हिंदीच्या बाई