बाटली उभी, आडवी आणि मॅसमचा पब

गावात दारूचं दुकान असावं की नाही, यावर महाराष्ट्रात मतदान होतं. बाटली उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. दारूने संसार मोडलेल्या बाईच्या हाती हे मत असायलाच हवं. पण चंद्रपुरात 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली, आणि या सगळ्या वर्षांत लोक कुठे, कसे बसून पितात याची चर्चा फारशी झालीच नाही.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर डेल्सला लागून मॅसम हे बाजाराचं छोटं गाव आहे. थीकस्टनची ब्रुअरी तिथे 1827 पासून. तिकडे कॉटेज घेऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबाने मुलांना घेऊन खुशाल पबात जेवायला जावं. टेबलाशी वाट बघत बसलात तर बहुधा कोणी येत नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून बारवर ऑर्डर द्यायची. गावाकडच्या पबांचं किचन अनेकदा दुपारी दोन-अडीचला आणि रात्री नऊच्या सुमारास बंद होतं. कॉटेजवर उशिरा पोचणारे हमखास उपाशी राहतात. हातपंपाने ओढलेली एल (बिअरचा एक प्रकार) तळघरात 11 ते 13 अंशांवर ठेवतात, म्हणून ती कोमटच लागते. पिंप लावल्यावर तीनेक दिवसांत संपलं नाही तर हवा लागून एल आंबते. तशी लागली तर सांगावं, बदलून देतात. पाइंट 568 मिलीचा असतो. हाफ मागण्यात कमीपणा नाही. शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात: एल निवळायला माशाच्या फुग्यापासून केलेलं आयसिंग्लास वापरलंय का, आणि चिप्स गाईच्या चरबीत तळलेत का. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा इंग्लंडमध्ये 100 मिलीला 80 मिलिग्रॅम, भारतात 30. त्या 80 वर भरवसा ठेवू नये. पबापासून चालत जाता येईल असंच कॉटेज घ्यावं.

पबामुळे दारूचा प्रश्न सुटला, असं मात्र कोणी म्हणू नये. सुपरमार्केटातली स्वस्त दारू घरोघरी पोचते; स्कॉटलंडला 2018 मध्ये किमान दर बांधून द्यावा लागला.

आपण उचलावा तो इंग्लंडमधला पबाचा परवाना. तिथल्या 2003 च्या कायद्यानुसार गोंगाट, मारामारी किंवा मुलांना धोका असेल तर शेजारीही परवान्याच्या फेरविचाराचा अर्ज करू शकतो. स्थानिक कौन्सिल वेळ कमी करतं, संगीत थांबवतं, परवाना तीन महिन्यांपर्यंत स्थगित करतं, किंवा रद्दच करतं. आपल्याकडे मतदानाला उभी आणि आडवी यांच्या मधला पर्यायच नाही. तिकडे अर्ज आला की 28 दिवस लोकांचं म्हणणं मागवतात, मग सुनावणी होते.