चाळिशीतला गरुड चोच फोडून घेत नाही

एक मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय. आता तो व्याख्यानांत आणि शाळांच्या कार्यक्रमांतही ऐकू येतो. गोष्ट अशी: गरुड ७० वर्षं जगतो. चाळिशीत त्याची नखं लुळी पडतात, चोच वाकते, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन खडकावर चोच आपटून ती उखडतो. नवी चोच आली की तिने नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं उपटतो आणि १५० दिवसांनी भरारी घेऊन आणखी ३० वर्षं जगतो.

आधी वय. अमेरिकेत बाल्ड ईगल या गरुडांच्या पायात क्रमांकाची कडी घालून नोंद ठेवतात. त्यातला सर्वांत म्हातारा न्यूयॉर्क राज्यातला: १९७७ मध्ये कडी घातली, २०१५ मध्ये वाहनाच्या धडकेने मेला. वय ३८. विक्रमवीरसुद्धा चाळिशीपर्यंत पोचला नाही, तिथे सत्तरीची काय कथा!

‘चोच वाकते’ म्हणे. अहो, ती पिल्लू असल्यापासूनच वाकडी असते, आणि वाकडी आहे म्हणूनच गरुडाचं पोट भरतं. दात नाहीत, त्यामुळे भक्ष्य पायाखाली दाबायचं आणि चोचीच्या आकड्याने मांस ओढून तोडायचं. या चोचीच्या आत कवटीला जोडलेलं हाड असतं, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. वरचं कवच केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याचंच. ते आयुष्यभर वाढतं आणि झिजत राहतं. खाणं झाल्यावर घार फांदीवर चोच एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने घासते, ते जरूर बघा. चोच साफही होते आणि आकारातही राहते. डोंगरावर जायची गरज नाही.

आतलं हाड तुटलं तर मात्र ते परत येत नाही. २००५ मध्ये अलास्कात एका बाल्ड ईगल मादीची वरची चोच गोळी लागून तुटली. तिला धड खाता येईना, पाणी पिता येईना, पिसं साफ करता येईनात. माणसांनी हाताने भरवलं म्हणून ती जगली, आणि २००८ मध्ये तिला कृत्रिम चोच बसवावी लागली. खडकावर एकट्या बसलेल्या गरुडाला पाच महिने कोण भरवणार?

नखांचंही तेच. प्रत्येक नखाच्या आत बोटाचं शेवटचं हाड असतं. ते उपटणं म्हणजे बोट तोडणं. आणि पायच गेले तर शिकार कशाने करणार? सह्याद्रीतल्या सर्पगरुडाचे पाय बघा: पिसं नाहीत, नुसते जाड खवले, आणि वळवळता साप पकडायला आखूड, दणकट बोटं. हिवाळ्यात उजनी धरणावर येणाऱ्या ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याच्या तळव्यांना काट्यांसारखी खरखर असते आणि बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे बुळबुळीत मासा दोन पुढे, दोन मागे अशा बोटांत आवळला जातो. ज्याचं जसं खाणं, तसा त्याचा पाय.

पिसं बदलतात, हे खरं. पण ती आपोआप, थोडी थोडी गळतात, म्हणजे उडणं थांबत नाही. मोठ्या गरुडांना पंखांतली सगळी पिसं बदलायला वर्षाहून जास्त काळ लागतो. सगळी एकदम उपटली तर तो पक्षी थंडीने आणि उपासमारीनेच मरेल.

गोष्टीचं मूळ जुनं आहे. म्हाताऱ्या गरुडाची चोच वाढून तो उपाशी मरतो, असं ॲरिस्टॉटलने लिहिलं. पुढे ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीनने बायबलमधल्या एका स्तोत्रावर बोलताना, तो ती वाढलेली चोच खडकावर घासून पुन्हा खायला लागतो, असं सांगितलं. नखं, पिसं आणि १५० दिवस ही त्यावरची नंतरची भर.

‘प्रेरणा मिळते ना, मग बिघडलं कुठे?’ असं विचारतात. बिघडतं. संक्रांतीला मांज्याने पंख कापलेली, चोच फुटलेली घार गच्चीवर सापडते आणि ‘येईल परत, गरुडाला नाही का येत’ म्हणून तिला तशीच सोडली जाते. कापलेला स्नायू आणि तुटलेलं हाड आपोआप नवं येत नाही. अशी घार दिसली तर अंगावर कापड टाकून तिला हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा.