आधी ओल, मग रंग: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. जुन्या घराच्या डागडुजीवरचं माझं लिखाण तुम्हाला पटलं नाही, आणि का पटलं नाही हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून हे उत्तरही मोकळेपणाने लिहिते.

आधी इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात. भिंतीत ओल कुठून येते ते शोधून ती सुटेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये आणि चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हे हौशी लोकांचं बोलणं आहे. तुमच्या वडिलांना पायऱ्या चढवत नाहीत, आईला दमा आहे, घर भावंडांच्या सामाईक मालकीचं आहे आणि सगळ्यांच्या सुट्ट्या जुळून काम काढायला एकदाच सवड मिळणार आहे. तेव्हा सिमेंटचा गिलावा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, खाली कमरेपर्यंत टाइल्स, वर फॉल्स सीलिंग आणि सगळीकडे नवा रंग, एवढं केलं की वीस वर्षं बघायला नको. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘घर माणसांसाठी असतं, भिंतींसाठी नाही.’

हे वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच तुमच्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टींना माझा विरोध आहे, आणि तो तुमच्या आईच्या दम्यापासूनच सुरू होतो. घरातली ओल आणि बुरशी यांवर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओल्या, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी जास्त होतात आणि असलेला दमा बळावतो, हा त्यांतला मुख्य मुद्दा. तुमच्या बेतात ओल दिसेनाशी होते. कमी होत नाही. ती भिंतीतच राहते आणि टाइल्सच्या वर, कपाटाच्या मागे, फॉल्स सीलिंगच्या आत, जिथे वारा लागत नाही तिथे बुरशीला जागा देते.

असं का होतं, ते नीट सांगायला हवं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. त्यानंतरही कितीतरी काळ घरं चुन्यात किंवा मातीत बांधली जात होती. अशा भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर बहुधा नसतो. जमिनीतलं पाणी विटांतून आणि सांध्यांतून वर चढतं, साधारण मीटरभर उंचीपर्यंत, आणि चुन्याच्या सांध्यांमधून, गिलाव्यातून वाफ होऊन निघून जातं. चढणारं आणि उडणारं पाणी यांचा मेळ बसलेला असतो, म्हणून घर टिकलेलं असतं. पाण्याबरोबर क्षारही येतात, तोच आपला लोणा. चुना विटेपेक्षा मऊ असल्यामुळे झीज चुन्याची होते, वीट वाचते. काही वर्षांनी सांधे पुन्हा भरले की भिंत परत ठाकठीक.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आला की पाण्याची बाहेर पडण्याची वाट अडते. मग ते आणखी वर चढतं आणि जिथे थर संपतो तिथे डोकं वर काढतं. कमरेपर्यंत टाइल्स लावलेल्या कितीतरी घरांत ओलीचा पट्टा टाइल्सच्या बरोबर वर दिसतो, तो याच कारणाने. क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे स्फटिक होताना फुगतात आणि गिलावा भिंतीपासून सुटतो. बोटाच्या पेराने ठोकलं की पोकळ आवाज येतो. शेवटी तो पडतो तेव्हा विटेचा पापुद्राही सोबत घेऊन जातो, आणि मग दुरुस्ती गिलाव्याची न राहता भिंतीची होते. बाहेरच्या बाजूला आणखी एक भानगड: जुनी भिंत ऋतूंप्रमाणे किंचित हलते, ताठ सिमेंट हलत नाही, त्याला केसासारख्या भेगा पडतात. पाऊस त्या भेगांतून आत शिरतो, पण तितक्या सहज बाहेर येत नाही. पहिले काही महिने सगळं देखणं दिसतं, म्हणून हा उपाय लागू पडला असं वाटतं.

पाणी येतं कुठून, हे शोधायला फार मोठी विद्या लागत नाही. वर्षानुवर्षं माती, फरसबंदी, रस्ता यांची भर पडून बाहेरची जमीन जोत्याच्या वर आलेली असते. पन्हळ तुंबलेली असते, पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीच्या पायाशीच मोकळा होत असतो, न्हाणीघराचा जुना नळ भिंतीच्या आत पाझरत असतो. एक साधी चाचणी करून पाहा. ओल्या जागी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना टेप लावून घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेतली दमट वाफ आहे, म्हणजे खिडक्या आणि हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न. भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. या दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि वॉटरप्रूफिंगचा थर दोन्हींवर उपाय नाही.

आता तुमचा खरा अडथळा, वेळ. भिंत वाळायला किती लागतं याचा जुना ठोकताळा आहे: जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण महिना. जाड भिंतीला वर्ष सहज जातं. तुमच्या एका सुट्टीत ते बसणार नाही, हे उघड आहे. पण सुट्टीत करायची कामं वाळण्यावर अडलेली नाहीतच! छप्पर, पन्हळ, बाहेरच्या जमिनीची पातळी, वायरिंग, नळ, न्हाणीघर, वडिलांसाठीचे बदल, सगळं याच वेळी होऊ शकतं आणि व्हायला हवं. कोरड्या भिंती खुशाल रंगवा. ओल्या भिंतीचा लोणा धरलेला गिलावा डागाच्या वर हातभर उंचीपर्यंत काढा, विटा उघड्या ठेवा किंवा नुसती सफेदी द्या, आणि ती एक भिंत पुढच्या खेपेवर सोडा. घरात वर्षभर एक भिंत उघडी राहते. पाहुण्यांना ते खटकेल, घराला अजिबात खटकणार नाही.

वायरिंगचं काम मात्र मागे ठेवू नका. जुन्या रबरी आवरणाच्या वायरी कडक होऊन तडकतात आणि अनेक जुन्या घरांत अर्थिंगच नसतं. रंगानंतर वायरिंग काढलं तर रंग दोनदा करावा लागतो. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरला तुटणारं आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, बसवून घ्या.

फॉल्स सीलिंगबद्दल माझं मत कडक आहे: तुळयांची टोकं तपासल्याशिवाय ते बसवू नये. लाकडी तुळई सडते ती बहुधा भिंतीत गेलेल्या टोकाशी, कारण ओल तिथेच असते. लाकडातला ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीला तिथे तग धरणं कठीण जातं. टोक सतत भिजत असेल तर ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. तो लाकडात मऊ जाऊ लागला तर सुताराला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी बोलवा. एकदा खालून पत्रे आणि दिवे लागले की गळतीचा पहिला डागही तुम्हाला दिसणार नाही, आणि छत बिघडत असल्याची पहिली खूण तोच डाग असतो. लावायचंच असेल तर वर हात घालून पाहता येईल अशी एखादी झडप ठेवा.

तुम्ही ओघात लिहिलंत की जुना रंग मशीनने घासून काढणार आहात आणि तेव्हा घरात मुलंही असतील. हे वाचून मला फार काळजी वाटली. जुन्या तैलरंगांत शिसं असण्याची मोठी शक्यता असते. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली. बऱ्याच देशांत ती त्यानंतर आली. शरीरात किती शिसं गेलेलं चालतं अशी सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक. कोरडं घासू नका, ज्योतीने जाळून काढू नका. रंगाचा एक तुकडा तपासून घ्या. शिसं निघालं तर ते काम मुलं घरात नसताना, पाणी मारत आणि मास्क लावून, जाणकाराकडून करून घ्या. घट्ट बसलेला रंग न खरवडता त्यावर नवा थर देणं पुष्कळदा जास्त शहाणपणाचं. छपराचे जुने पत्रे किंवा पाइप ॲस्बेस्टॉसचे असतील तर त्यांनाही ड्रिल लावू नका; त्याची धूळही श्वासातून जाऊ नये.

वडिलांचा मुद्दा तुम्ही मांडलात, त्याने मला सगळ्यात आनंद झाला, कारण जुनं घर सजवताना याचा विचार फार थोडे करतात. उताराचं प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी ५.४ मीटर लांब रॅम्प. तेवढी जागा समोर नसेल तर बाजूच्या दाराचा विचार करा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर मिळाली तर उत्तम, आणि कधी चाकाची खुर्ची लागली तर वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा हवी. मात्र दार रुंद करताना भार घेणारी भिंत कापली जाते, तेव्हा लिंटेल, म्हणजे दारावरची भार पेलणारी आडवी पट्टी, इंजिनिअरला विचारूनच ठरवा. न्हाणीघरातला आधाराचा दांडा जुन्या गिलाव्यात नुसत्या स्क्रूवर टिकत नाही. तो विटेत खोलवर, मोठ्या पट्टीवर पक्का करावा लागतो, कारण माणूस त्यावर सगळा भार टाकतो. आणि प्रकाश! साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी, जिन्यात वर आणि खाली दिवा, चकाकणाऱ्या फरशीऐवजी मंद पोताची फरशी, दाराची चौकट भिंतीहून गडद: सजावटीवर खर्च करायचाच असेल तर मी तो आधी इथे करेन.

चुन्याचे कारागीर मिळत नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण भिजवून वापरायचा तयार चुना पिशवीतून मिळतो आणि सिमेंटचं काम करणारा चांगला गवंडी तो हाताळायला शिकतो. त्याला एवढंच पटवावं लागतं की इथे घाई चालत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून परत दगडासारखा होतो, म्हणून थर पातळ हवेत, दोन थरांत दिवस जायला हवेत आणि कडक उन्हापासून तो झाकायला हवा. आधी मागच्या बाजूला हातभर जागेवर करून बघू द्या. ओला चुना कातडी आणि डोळे पोळतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा लागतोच. आणि सिमेंटशी माझं वैर नाही. तुमच्या घराचा नंतर वाढवलेला भाग सिमेंटमध्येच असेल तर तिथे सिमेंटच वापरा. कुठला भाग कशात आहे, ते सांध्यात खिळा ओढून कळतं: चुना पांढुरका भुगा होऊन सुटतो, सिमेंट राखाडी आणि चिवट असतं.

जुनं जपण्याच्या ‘हट्टा’बद्दल: हो, जुनं लाकूड आणि जुनी फरशी मला मनापासून आवडते. पण सडलेली तुळई मी कधीच ठेवायला सांगणार नाही. जुन्या वास्तू कशा जपाव्यात यावर ऑस्ट्रेलियात १९७९ साली स्वीकारलेल्या बर्रा सनदेत एक तत्त्व आहे: बदल गरजेपुरता करावा, पण होईल तितका कमी. सडलेलं टोक कापून तेवढाच नवा तुकडा जोडणं हे त्यातलंच, आणि अख्खी तुळई बदलण्यापेक्षा त्यात घराची मोडतोड कमी होते. भावंडांच्या सामाईक घरात आणखी एक गोष्ट आवर्जून करा. गिलावा बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा, वायरी आणि नळ उघडे दिसत असताना, मोजपट्टी धरून फोटो काढा आणि सगळ्यांकडे ठेवा. पुढच्या दुरुस्तीला कोण हजर असेल ते आज सांगता येत नाही.

तुमच्या घराबद्दल मला तीन गोष्टी कळवा: बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किती खाली आहे, ओलीचा डाग जमिनीपासून किती उंच आहे, आणि पाऊस नसतानाही तो तसाच राहतो का. तेवढ्यावरून, सुट्टीत कोणती भिंत उघडायची आणि कोणतीला हात लावायचा नाही, हे आपल्याला बरंचसं ठरवता येईल.