‘मास्तरांना सहा महिने सुट्टी’: काकांच्या फॉरवर्डला उत्तर

एप्रिल संपत आला की एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तो घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला आणि खाली माझ्या बहिणीचं नाव घेऊन लिहिलं, ‘काय ताई, मजा आहे!’ ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने हसण्याची इमोजी टाकून विषय मिटवला. मला तो मिटवता येत नाही.

मेसेज थोडक्यात असा: शिक्षकांना वर्षातले सहा महिने सुट्टी असते, त्या सुट्टीचा पगार फुकटचा, सुट्टीत ते घरी लोळतात, ही इंग्रजांची सोय आपण उगाच चालवतोय, आणि मुलं सगळं विसरतात म्हणून मे महिन्याची सुट्टी बंद करावी.

आधी सहा महिने. माध्यमिक शाळा संहिता सांगते की वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या मिळून 76 दिवसांच्या वर जाता कामा नयेत आणि शाळेचे कामाचे दिवस किमान 230 भरले पाहिजेत. उन्हाळा, दिवाळी, सणवार, सगळं त्या 76 मध्ये. रविवार धरले तर 128. आता सरकारी कचेरी घ्या. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे आणि शाळांना त्यातून वगळलंय. शनिवार-रविवार 104, वर वीसेक सार्वजनिक सुट्ट्या, वर वर्षाला 30 दिवसांची अर्जित, म्हणजे कामाच्या बदल्यात कमावलेली पगारी रजा. बेरीज दीडशेच्या पुढे जाते. कचेरीतल्यांचे रोजचे तास त्या बदल्यात वाढवले आणि शाळा शनिवारी अर्धा दिवसच असते, हे मान्य. पण सहा महिने कुठून आणले?

फुकटचा पगार. शिक्षक ‘दीर्घ सुट्टी’ विभागात, म्हणजे लांब सुट्टी मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांत मोडतात, म्हणून पूर्ण सुट्टी घेणाऱ्या शिक्षकाला ती 30 दिवसांची अर्जित रजा मिळत नाही. म्हणजे मे महिना हा काही शासनाने दिलेला नजराणा नाही, तो रजेचा मोबदला आहे. कचेरीतला माणूस हीच रजा साठवतो आणि निवृत्तीच्या दिवशी 300 दिवसांपर्यंतचे पैसे घेऊन घरी जातो. काका स्वतः घेऊन गेले, बंगल्याचा वरचा मजला त्यातूनच झाला. असा शिक्षक ते साठवणार कुठून? आणि हो, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसेच नाहीत. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आता ‘घरी लोळतात’. या वाक्याने माझं डोकं फिरलं, त्यामुळे इथे जरा थांबतो.

सर्वोच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2007 रोजी निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या खटल्यात निकाल दिला: मतदारयाद्यांचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या दिवशी शाळेच्या वेळेत शक्यतो देऊ नये. मुलांच्या दृष्टीने निकाल अगदी योग्य. पण त्याचा सरळ अर्थ काय होतो? देशाची निवडणूक पार पाडायची ती शिक्षकाच्या सुट्टीतून. ज्या सुट्टीला तुम्ही चैन म्हणता, तिच्यावर पहिला हक्क सरकारचा आहे.

2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रातले शेवटचे तीन टप्पे 7, 13 आणि 20 मे रोजी झाले. ताईची ड्युटी 13 मेची. आदल्या दिवशी भर उन्हात तालुक्याला जाऊन यंत्रं आणि सामान ताब्यात घ्यायचं, यादीशी ताडून पाहायचं, बसने नेमून दिलेल्या गावी पोचायचं. रात्र त्याच शाळेच्या वर्गात, बाकं सरकवून, चटईवर. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, किमान 50 मतं टाकून यंत्र बरोबर मोजतंय ना ते प्रतिनिधींना दाखवायचं. सात ते सहा मतदान. मग मोहरा, पाकिटं, मतांच्या हिशेबाचा नमुना 17-क, परत बस, आणि सामान जमा करायला रांग. मध्यरात्र उलटल्यावर ती घरी आली तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. दोन प्रशिक्षणं त्याआधी झालेली, ती वेगळी. ज्यांच्याकडे बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम असतं त्यांना तर घरोघर फिरून मयत आणि स्थलांतरितांची नावं शोधत बसावं लागतं.

बरं, सरकारने शिक्षकाची सुट्टी घेतली तर निदान शाळेचे दिवस तरी सोडतं का? शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकांना द्यायला मनाई करतं. तरी मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण 23 जानेवारी ते 2 फेब्रुवारी 2024 ऐन शाळेच्या दिवसांत झालं, आणि प्रगणक म्हणून शिक्षक दारोदार फिरले.

इंग्रजांची सोय? असेल. रविवारची सुट्टीही त्यांच्याच काळातली, 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून मिळवलेली. ती परत करायला कोण तयार आहे, हात वर करा.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे हे नाइलाजाने कबूल करतो. लांब सुट्टीत मुलं विसरतात. अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासांचा 1996 साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साधारण महिनाभराच्या शिकण्याइतकी घसरण दिसली, गणितात जास्त. सुट्टीत पुस्तक न उघडणारे, शिकवण्या घेणारे गुरुजीही आहेत, मी पाहिलेत. पण त्यावर मे महिन्यात पत्र्याखालच्या वर्गात मुलांना कोंबणं हा उपाय कसा? विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात त्या उन्हामुळेच. गावातलं वाचनालय उघडं ठेवा, छोटी शिबिरं घ्या, आणि त्यात काम करणाऱ्याला त्या दिवसांच्या बदल्यात रजा द्या.

तरीही मे बंदच करायचा असेल तर शिक्षकांना दीर्घ सुट्टी विभागातून बाहेर काढावं लागेल आणि कचेरीसारखी 30 दिवसांची अर्जित रजा द्यावी लागेल. आज शिक्षक घरचं लग्न, आईचं ऑपरेशन, दुखरा घसा, सगळं मे महिन्यावर ढकलतो, कारण वर्ग सोडून जाता येत नाही. उद्या तो ही रजा जानेवारीत घेईल, हक्काने. मग दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे चारही वर्ग तीन आठवडे एकाच्या गळ्यात पडतील. बदली शिक्षक कुठून आणणार, तेवढं मेसेज पुढे ढकलण्याआधी लिहा.