विजेच्या गाड्यांचा मेळावा पार कसा पाडावा

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रचार करायचा म्हणताय? उत्तम. म्हणजे मेळावा आला, मेळावा आला की बॅनर आला, आणि बॅनर आला की त्यावर कुणाचा फोटो केवढा, हे भांडण आलं. ते आधी मनापासून भांडून घ्या. तीन आठवडे सहज निघतात. उरलेल्या दोन दिवसांत गाड्यांचंही बघता येईल.

सभागृह शक्यतो तळघरातलं घ्या. तिथे मोबाईलला नेटवर्क नसतं आणि बरेचसे सार्वजनिक चार्जर ॲपवरून सुरू होतात. समोर चार्जर, शेजारी गाडी, हातात केबल, आणि संयोजक मोबाईल उंच धरून जिन्यात उभे. लोकांच्या मनात जी काही शंका असेल ती या एका दृश्याने फिटणार नाही, पण पक्की मात्र होईल. नेटवर्क असलंच तर चार्जरच्या पुढ्यात प्रमुख पाहुण्यांची डिझेलची गाडी लावून टाका. पाहुण्यांना लवकर निघायचं असतं, त्यांना जवळची जागा द्यावीच लागते. आणि बाहेर एक जनरेटर हवाच. विजेचा काय भरवसा!

आता भाषणं. वक्त्यांना बजावून सांगा की 'उद्याचं तंत्रज्ञान' हा शब्द किमान सहा वेळा आला पाहिजे. हे उद्याचं तंत्रज्ञान २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेलं होतं. कामीय झेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी टॉर्पेडोच्या आकाराची विजेची गाडी पळवली आणि रस्त्यावरच्या वाहनाने शंभरी ओलांडायची ती पहिलीच वेळ ठरली. पेट्रोलची गाडी तेव्हा मागे होती. त्या गाडीचं नाव 'ला जामे कोंतांत', म्हणजे जिचं कधीच समाधान होत नाही अशी. हे नाव खरं तर तुमच्या सभेत तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजोबांना शोभेल. हातात छोटी वही, वहीत प्रश्न. त्यांच्यावर लक्ष ठेवा, सगळा धोका तिकडूनच आहे.

एका वक्त्याने नॉर्वेचं नाव घ्यायचं, हे ठरलेलंच. 'नॉर्वेला जमतं, मग आपल्याला का नाही?' टाळ्या. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर १० नव्या मोटारींपैकी जवळजवळ ९ पूर्ण विजेवरच्या होत्या, एवढं सांगून थांबायचं. नव्वदच्या दशकापासून त्यांनी या गाड्यांना करात सवलती दिल्या, २००१ पासून खरेदीवरचा मूल्यवर्धित करही माफ केला, आणि हे सगळं वर्षानुवर्षं नेटाने चालवलं, असल्या तपशिलात शिरू नका. टाळ्या मधेच तुटतात.

बॅनरवर रेंजचा, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर गाडी किती किलोमीटर जाईल त्याचा, आकडा मात्र कंपनीच्या पत्रकातला, सगळ्यात मोठा. तो येतो कुठून हे विचारणारा निघालाच तर विषय बदला. कारण उत्तर फार साधं आहे. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालते. तापमान २३ अंश, एक फेरी अर्ध्या तासाची आणि जेमतेम २३ किलोमीटरची, थांबे धरून सरासरी वेग ताशी सत्तेचाळीसच्या आत. चाचणी प्रामाणिक आहे, सगळ्या गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी म्हणूनच ती असते. फक्त ज्याला कडाक्याच्या थंडीत, हीटर लावून, महामार्गावर ११० ने जायचं आहे त्याला तेवढी रेंज मिळत नाही. हे आधीच सांगितलं तर माणूस मान डोलावून हिशेब करतो आणि कदाचित गाडी घेतोही. न सांगितलं तर गाडी घेतल्यावर त्याला स्वतःला कळतं, आणि मग तो पुढची पाच वर्षं भेटेल त्याला सांगत सुटतो. प्रचार म्हणतात तो हाच.

एवढ्यात आजोबांचा हात वर गेलेला असेल. त्यांचे प्रश्न तीनच असतात. रात्री गाडी कुठे लावायची? खरी किती चालते? आणि बॅटरी गेली तर? गंमत म्हणजे विजेच्या गाडीबद्दल बहुतेकांचे प्रश्न हे एवढेच असतात, आणि सगळा मेळावा या तिन्हींना वळसा घालून नेणं हेच तुमचं कौशल्य. त्यासाठी तज्ज्ञ बोलवा. तज्ज्ञ किलोवॅट (वीज किती वेगाने भरते) आणि किलोवॅट-तास (एकूण किती भरली, म्हणजे आपलं युनिट) यांची अशी खिचडी करतील की आजोबांना आपण काय विचारलं होतं तेच आठवणार नाही.

मागच्या रांगेत एक ताई बसलेल्या असतात. चार वर्षं विजेची गाडी चालवताहेत. माईक चुकूनही त्यांच्याकडे जाता कामा नये. त्या म्हणतील, 'अहो, मी घरी साध्या सॉकेटला लावते. दोनेक किलोवॅटने दहा तास म्हटले तर वीसेक युनिट आत जातात, शंभर-सव्वाशे किलोमीटरची सोय होते. माझं रोजचं जाणं-येणं चाळीस. इमारतीत जागा नसेल तर मात्र आधी ते सोडवा आणि मगच गाडी घ्या.' बाहेरगावी जाताना काय? 'फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांना केबल काढते. पुढचे २० टक्के सावकाश जातात. थिएटर भरताना शेवटच्या प्रेक्षकांना रिकामी खुर्ची शोधत हिंडावं लागतं ना, तसंच.' आणि बॅटरी? 'पुष्कळ कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. पण ती बॅटरी किती टक्के उरेल याची आहे का, हे कागदावर वाचून घ्या. मला एकदाच रस्त्यात थांबावं लागलं, तेही छोटी १२ व्होल्टची बॅटरी बसली म्हणून. पेट्रोलच्या गाडीतही असते ती.'

बघा, दोन मिनिटांत तिन्ही प्रश्न संपले. पुढे तज्ज्ञांनी काय करायचं?

'शून्य प्रदूषण' ही अक्षरं बॅनरवर सगळ्यात ठळक हवीत. गाडीला धुराडं नाही, हे खरं. पण वीज कोळशाची आहे का, बॅटरी बनवताना किती कार्बन गेला, टायर झिजून धूळ होते तिचं काय, असं विचारणारी एखादी कॉलेजची मुलगी असतेच. याला नीट उत्तर आहे. कारखान्यातून निघताना विजेच्या गाडीच्या डोक्यावर कार्बनचं कर्ज जास्त असतं, चालता चालता ते फिटतं, आणि किती लवकर फिटेल ते त्या ठिकाणची वीज कशी तयार होते यावर ठरतं. पण उत्तर देत बसू नका. 'काही लोकांना प्रगती बघवत नाही,' असं म्हणा आणि पुढच्या वक्त्याला बोलवा. तुमचा एक मित्र कमी झाला आणि एक शत्रू वाढला. मेळाव्याला गर्दी हवीच असते.

सगळ्यात जपायचं ते प्रत्यक्ष गाडी चालवायला देण्यापासून. माणूस एकदा चाकामागे बसला की हातचा गेला. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतो, गाडी गियरची वाट न बघता सुटते, तो नकळत 'अरे!' म्हणतो, पाय उचलला की गाडी आपणहून मंदावते आणि तीच ऊर्जा पुन्हा बॅटरीत भरते, हे बघून दुसऱ्यांदा 'अरे!' म्हणतो. या दोन 'अरे'पुढे तुमच्या तासाभराच्या भाषणाची काय किंमत? म्हणून गाडी एकच ठेवा, तिच्याभोवती दोरी बांधा, 'हात लावू नये' अशी पाटी लावा. चालवायला देणं अगदीच टळत नसेल तर चार पानांचा अर्ज ठेवा आणि पेन ठेवू नका. या गाड्या इतक्या गप्प असतात की युरोपात त्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करावा असा नियम करावा लागला. तुमच्याकडे ती उणीव सूत्रसंचालक भरून काढतील.

२०११ मध्ये अमेरिकेत काही उत्साही मंडळींनी याच्या अगदी उलट घोळ घातला. ठिकठिकाणी मालकांनीच आपापल्या गाड्या आणून उभ्या केल्या, येईल त्याला माहिती द्यायची, बसायला द्यायचं. एका दिवसाचा तो प्रकार पुढे आठवडाभराचा झाला आणि दरवर्षी होऊ लागला. असं लांबण लागू द्यायचं नसेल तर मालकांना लांबच ठेवलेलं बरं.

आभार झाले, सामूहिक फोटो झाला, पाहुण्यांची डिझेलगाडी चार्जरपासून हलली, खुर्च्या एकात एक गेल्या. आता तुम्ही निर्धास्त घरी जाल, आणि चूक होते ती इथेच. बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बघा. त्या ताईंनी गाडीचं बॉनेट उघडलेलं आहे, आत डोकावणाऱ्या पाच-सहा जणांत ती कॉलेजची मुलगी आहे, आणि आजोबा वही खिशात घालून चालकाच्या सीटवर बसताहेत. 'क्लच कुठाय?' असं विचारून झालंय. गाडी गेटापर्यंत जाऊन परत येईल, आणि ते पुन्हा एक फेरी मागतील.

पुढच्या वर्षी पार्किंगचे दिवे भाषणांच्या आधीच बंद करायला सांगा.