सगळंच नार्कोटिक नसतं

अमली पदार्थांवरच्या तुमच्या लेखात एलएसडी, एमडीएमए, कोकेन सगळ्यांना सरसकट 'नार्कोटिक्स' म्हटलंय. वैद्यकात हा शब्द मुख्यतः अफूच्या गोत्रातल्या औषधांसाठी वापरतात: मॉर्फिन, कोडीन, हेरॉईन. ती वेदना बधिर करतात, गुंगी आणतात. मात्रा फार वाढली तर श्वासही थांबतो. कोकेन उलट चेतवणारं, तरी १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात तेही नार्कोटिक, गांजा-चरसही. एलएसडी, एमडीएमए मात्र त्याच कायद्यात 'सायकोट्रॉपिक', म्हणजे मनावर परिणाम करणारे. आम्हा गोवेकरांना हे शब्द पेपरात सारखे दिसतात, म्हणून तरी नीट लिहा. आईच्या कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं, तर म्हापशाचे मामा अडून बसले, "तिला ड्रग्ज कसले देता?" दोन रात्री ती कण्हत राहिली. तिसऱ्या दिवशी गोळी दिली, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला.